हैदराबादचं विमान, नंबर एफ १०१०

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

१९१८ साली हैदराबादचं नाव अंगावर रंगवून घेऊन जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलेलं एक विमान आजही शाबूत आहे. लंडनच्या हेंडन भागात रॉयल एअर फोर्सचं म्युझियम आहे, तिथे. लाकडी सांगाडा, वर कापड, एकावर एक दोन पंख, मधे तारा आणि खांब. ज्याला बायप्लेन म्हणतात, म्हणजे दुपंखी विमान, तसलं. जात डी-एच-नाइन-ए. शेपटीकडच्या बाजूला नंबर एफ १०१०. आणि अंगावर मजकूर, की हे विमान निजामाची भेट आहे.

आमच्या घरात या विमानांचा उल्लेख मी लहानपणापासून ऐकत आलोय. इसामिया बाजारातल्या घरी दिवाळीला सगळे जमले की जेवणानंतर हा विषय हमखास निघायचा आणि हमखास भांडणावर जायचा. आजोबा (आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो) निजामाच्या माल खात्यात कारकून होते. मूळ गाव परभणी जिल्ह्यातलं, अक्षर उर्दूतलं सुरेख, मराठी मोडीत. त्यांना एक अभिमान होता. ते म्हणायचे, "आपल्या सरकारची विमानं विलायतेत लढली. मोठमोठ्या राजांना जमलं नाही ते आपल्या सरकारनं केलं." यावर धाकटे काका उसळायचे. काका ४७-४८च्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. पुढे ५६ साली राज्याचे तुकडे झाले तेव्हा ते औरंगाबादला गेले, आम्ही इथेच राहिलो. ते म्हणायचे, "अण्णा, विमानं दिली ते खरं. पण पैसा कुणाचा होता ते पण सांगा की पोरांना."

आजी मधे पडायची. "नक्को आता, विमान उडून गेलं कधीचं, तुम्ही दोघं फराळाचं बघा."

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने, ती लंडनला नोकरीला आहे, म्युझियममधून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, हे आपलं हैदराबादच ना?" अण्णा आणि काका दोघंही आता नाहीत. पण भांडण माझ्याकडे वारशात आलेलं आहे, म्हणून म्हटलं या विमानाचा सातबारा काढायचाच.

विमानाचा सातबारा काढणं तसं जमिनीपेक्षा सोपं असतं, कारण नंबर बदलत नाही. लष्कराचं प्रत्येक विमान कारखान्यातून निघतानाच त्याला एक नंबर मिळतो आणि त्याची प्रत्येक हालचाल, कोणत्या तुकडीला दिलं, कुठे पडलं, कोण चालवत होतं, त्या नंबरापुढे लिहिली जाते. रंग जातो, इंजिन बदलतं, पंख बदलतात, नंबर राहतो. म्युझियमने या एफ १०१०चा इतिहास नीट जुळवलेला आहे. मी बाकी फक्त आजूबाजूचं वाचत गेलो.

आधी विमानाबद्दल थोडं. १९१७ मधे इंग्रजांनी डी-एच-नाइन नावाचं बॉम्बफेकी विमान काढलं आणि ते फसलं. इंजिन कमजोर, सारखं बंद पडायचं, उंचीवर जाता यायचं नाही. मग त्याच सांगाड्याला मोठे पंख आणि अमेरिकेचं लिबर्टी नावाचं बारा सिलिंडरचं ४०० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, ते हे डी-एच-नाइन-ए. हा बदल मुख्यतः योव्हिलच्या वेस्टलँड कारखान्यात झाला. वैमानिक त्याला लाडाने 'नाइनॅक' म्हणायचे. पंखांचा पसारा १४ मीटर, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या जरा आत, बॉम्ब साधारण ३०० किलो. पुढे वैमानिक, त्याची बंदूक फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळी बरोबर चुकवून मारणारी. त्याच्या मागे दुसरा माणूस, त्याची बंदूक गोल कड्यावर बसवलेली, म्हणजे त्याला चहूकडे फिरवता येते. दोघांच्या डोक्यावर काही नाही, उघडं आकाश. चार-पाच हजार मीटर उंचीवर, युरोपातल्या हिवाळ्याच्या तोंडावर, तास न् तास असं बसायचं. थंडीचा विचार केला तरी मला अंगावर शाल घ्यावीशी वाटते.

आता निजामाचं. त्या काळात एक पद्धत होती. एखाद्या संस्थानाने, शहराने किंवा मंडळाने विमानाची किंमत दिली की त्यावर दात्याचं नाव रंगवायचे. आपण देवळाच्या फरशीवर नाव कोरतो तसंच. फरक एवढाच की नाव असलेलं विमान पडलं तर बहुधा दुसऱ्या विमानावर तेच नाव परत घालायचे, म्हणजे दात्याचा पुसट होऊ नये. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मात्र एक-दोन विमानं दिली नाहीत. रॉयल एअर फोर्सच्या ११० नंबरच्या स्क्वाड्रनचा पहिला सगळा ताफाच त्यांची भेट. म्हणून त्या स्क्वाड्रनचं नावच पडलं, ११० (हैदराबाद) स्क्वाड्रन. पुढे त्यांच्या बिल्ल्यावर वाघ आला, तोही याच भेटीची आठवण म्हणून.

म्हणजे अण्णा बोलत होते त्यात अतिशयोक्ती नव्हती. उलट कमीच होतं. दुसऱ्या महायुद्धात आणखी दोन स्क्वाड्रनांना हैदराबादचं नाव मिळालं, १५२ आणि २५३. त्यातल्या १५२च्या बिल्ल्यावर तर चक्क निजामाची पगडी आहे आणि ब्रीदवाक्य आहे 'विश्वासू दोस्त'. ज्यांनी निजामाच्या जुन्या सनदा पाहिल्यात त्यांना हे ओळखीचं वाटेल. 'यार-ए-वफादार' हा त्यांच्या लांबच लांब किताबांमधला एक. ब्रिटिशांनी तो त्यांना १९१८ मधेच दिला, 'एक्झॉल्टेड हायनेस' त्याच वर्षी. विमानं गेली, किताब आले.

एक गंमत (गंमत कसली म्हणा) इथे सांगून टाकतो. आपल्या नावाची विमानं विलायतेत लढत होती तेव्हा हैदराबादेत विमान उतरायला धड जागा नव्हती. बेगमपेटचा विमानतळ हा १९३०च्या दशकातला. म्हणजे सुलतान बाजारातल्या किंवा काचीगुड्यातल्या सामान्य माणसाने आपल्या राज्याने दिलेलं विमान डोळ्यांनी पाहिलंच नाही. सरकारी पत्रकात वाचलं असेल फार तर.

११० स्क्वाड्रन सप्टेंबर १९१८च्या सुरुवातीला फ्रान्समधे गेली. लोरेन भागात बेतोंकूर नावाचं गाव आहे, तिथे तळ. जनरल ट्रेंचर्डच्या हाताखाली एक स्वतंत्र दल होतं, त्याचं काम जर्मनीच्या आत शिरून कारखाने, रेल्वे, विमानतळ यांच्यावर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकायचं. ही नवी विमानं वापरणारी फ्रान्समधली पहिली तुकडी हीच. सप्टेंबरच्या मध्याला पहिला हल्ला, मग २५ सप्टेंबरला फ्रँकफर्टवर. लांबचा पल्ला, संरक्षणाला लढाऊ विमानं सोबत नाहीत, खाली जर्मन वैमानिक वाट बघत. एकत्र थवा करून जायचं, थवा फुटला की मेलो. नुकसान फार व्हायचं. शत्रूने पाडलेली वेगळी, उतरताना मोडलेली वेगळी.

५ ऑक्टोबरला एफ १०१०ची पाळी आली. मूळ लक्ष्य कोलोन होतं, पण हवा खराब म्हणून थवा कायझर्सलाउटर्न आणि पिर्माझेन्सच्या दिशेला वळला. एफ १०१०मधे कॅप्टन इंग्लिस वैमानिक आणि मागे सेकंड लेफ्टनंट बॉडली. ते परत आले नाहीत. विमान जर्मन हद्दीत उतरलं, दोघं जिवंत राहिले, कैदी झाले. युद्ध संपायला फक्त सदतीस दिवस उरले होते.

आणि इथेच मला थांबावं लागलं.

आमच्या घरी वंशावळीची एक वही आहे. अण्णांच्या हातची, मोडीत. त्यात त्यांच्या आईच्या आणि धाकट्या बहिणीच्या नावापुढे एकच साल आहे, फसली १३२८, आणि पुढे एक शब्द, 'मानमोडी'. नवीन पिढीसाठी सांगतो, निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली चालायचं आणि ते ऑक्टोबरात बदलायचं. फसली १३२८ म्हणजे ऑक्टोबर १९१८ला लागलेलं साल. मानमोडी म्हणजे ती इन्फ्लुएंझाची साथ. पंचांग लावून पाहिलं तर ५ ऑक्टोबर म्हणजे पितृपक्ष सरून नवरात्र बसायची वेळ. परभणीकडच्या त्या गावात तेव्हा काय चाललं असेल? त्या वर्षी पाऊसही गेलेला होता. खरीप नाही, वैरण नाही, आणि वर ही साथ. अण्णा तेव्हा वीस वर्षांचे. दोन्ही प्रेतांना खांदा द्यायला गावात धड माणसं नव्हती, असं ते आयुष्यात एकदाच बोलले, माझ्या वडिलांजवळ. मला वडिलांकडून कळलं.

जनगणनेचे आकडे काढून पाहा. १९११ला हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांच्या वर होती. १९२१ला ती १ कोटी २५ लाखांच्या आत आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी जवळजवळ नऊ लाखांनी कमी. सगळे काही मानमोडीने गेले नाहीत, प्लेग होता, दुष्काळ होता, स्थलांतर होतं. पण मोठा घाव १८-१९चाच.

आता काकांचा प्रश्न. पैसा कुणाचा? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, हे सगळे निजामाचे जिल्हे. दिवाणीचा शेतसारा सरकारी खजिन्यात. 'सर्फ-ए-खास' म्हणून जी निजामाची खाजगी जहागीर होती, तिचं उत्पन्न थेट त्यांच्या खाजगी तिजोरीत, आणि त्या जहागिरीत उस्मानाबादकडचे आपले मराठी तालुकेही होते. विमानांचे पैसे कोणत्याही खिशातून गेलेले असोत, दोन्ही खिशांत माल भरणारा माणूस तोच. कापूस आणि ज्वारी पिकवणारा, सारा हाली सिक्क्यात भरणारा. मराठी, तेलुगू, कानडी. त्याच्या नावाने विमानावर काही रंगवलेलं नाही. हे मी काकांच्या बाजूने बोलतोय हे मला कळतंय, आणि मला वाटतं या मुद्द्यावर काकाच बरोबर होते.

पण अण्णांचंही ऐकायला पाहिजे. त्यांना या सरकारात नोकरी मिळाली, उर्दू येत होती म्हणून मान मिळाला, वडील वारल्यावर चार भावंडं त्यांनी त्या पगारावर वाढवली. त्यांच्यासाठी 'आपलं सरकार' हा शब्द खोटा नव्हता. आपल्यापैकी हैदराबादेत राहिलेल्या पुष्कळ घरांत हे दोन्ही आवाज एकाच ताटावर जेवत होते, असं मला वाटतं. बाहेरच्यांना ते कळत नाही. पुण्याच्या नातेवाइकांना तर मुळीच नाही.

बरं, निजामाला या सगळ्यातून मिळालं काय? किताब मिळाले ते सांगितलंच. त्यांना खरा हवा होता वऱ्हाड, म्हणजे बेरार. कर्झनच्या वेळी १९०२ला ब्रिटिशांनी तो कायमच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे ठेवला होता. युद्ध झाल्यावर १९२३ला निजामाने रीतसर मागणी केली की आमचा बेरार परत द्या. १९२६ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं, आणि ते असं कडक होतं की आजही संस्थानांचा इतिहास लिहिणारे त्याचा दाखला देतात. सार यात आलं, की ब्रिटिश सत्ता सर्वांच्या वर आहे, बरोबरीच्या नात्याने बोलू नका. विश्वासू दोस्ताला इतकंच. (अमरावती-अकोल्याच्या लोकांना या सगळ्यात कुणी विचारलं नव्हतं, हे आपलं बाजूला नोंदवून ठेवतो. आमच्या आत्याचं सासर अकोल्याचं, तिला राग येईल नाहीतर.)

विमानाची गोष्ट मात्र इथे संपत नाही, उलट खरी भटकंती पुढेच आहे. जर्मनांनी पकडलेलं एफ १०१० मोडीत काढलं नाही. लढाईतली लूट म्हणून ते राखून ठेवलं आणि पुढे ते बर्लिनच्या विमान संग्रहालयात लागलं. म्हणजे निजामाचं नाव हिटलरच्या काळात बर्लिनमधे लोक बघत होते. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४३ला, रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बहल्ल्यात ते संग्रहालय जळालं. ज्या दलाचं हे विमान, त्याच दलाचे बॉम्ब. वाचलेली विमानं जर्मनांनी पूर्वेला, पोलंडमधल्या चार्नकूव्ह गावाकडे हलवली. युद्ध संपलं, गाव परत पोलंडचं झालं आणि ही विमानं पोलिश लोकांच्या ताब्यात गेली. बरीच वर्षं ती इकडच्या गोदामातून तिकडच्या गोदामात फिरली. अखेर क्राकूव्हच्या विमान संग्रहालयात आली.

त्याच काळात ११० स्क्वाड्रन काय करत होती तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ला, विल्हेल्म्सहाफेनजवळ जर्मन आरमारावर जो पहिला हल्ला झाला त्यात ही स्क्वाड्रन होती, ब्लेनहाइम विमानांनिशी. आणि १९४२ला ती आली हिंदुस्थानात! ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढायला. म्हणजे हैदराबादचं नाव लावणारी तुकडी एकदाची या देशात आली. पुढे शेवटी मलाया-सिंगापूरकडे हेलिकॉप्टर चालवता चालवता १९७१ला ती बंद झाली.

मधल्या काळात ज्या हैदराबादने भेट दिली ते राज्यच उरलं नाही. सप्टेंबर १९४८ला पोलीस अॅक्शन, १७ तारखेला शरणागती. मग १ नोव्हेंबर १९५६. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरला, बाकी आंध्र प्रदेशात. काकांनी त्या वर्षी ट्रंक भरली. अण्णा दारात उभे राहून म्हणाले, "गाव तिकडं गेलं म्हणून माणसानं पण जायचं का?" काका म्हणाले, "अण्णा, गाव तिकडं गेलं नाही, गाव तिथंच आहे. तुम्हीच इकडं आलात." नमस्कार करून ते निघाले. दरवर्षी दिवाळीला परत यायचे, आणि परत विमानांवरून भांडायचे.

१९७७ला म्युझियमने पोलंडशी सौदा केला. अदलाबदल. क्राकूव्हला एक स्पिटफायर द्यायचं, बदल्यात एफ १०१० घ्यायचं. ते स्पिटफायर अजून क्राकूव्हला आहे, नंबर एस-एम ४११, पोलिश लोकांना त्याचं फार कौतुक, कारण त्यांचे वैमानिक इंग्लंडकडून स्पिटफायर चालवून लढले होते. एफ १०१० इंग्लंडला आलं, काही वर्षं दुरुस्ती आणि जोडणी चालली आणि १९८३ला हेंडनमधे लोकांसमोर उभं राहिलं. लाकूड, कापड आणि वर पुन्हा रंगवलेलं आपल्या शहराचं नाव.

मी पुतणीला सांगितलं होतं, एकदा परत जा आणि नीट बघून ये. ती गेली. म्हणाली, "काका, खूप मोठं आहे, फोटोत कळत नाही. शाळेची पोरं येतात, नाव वाचतात आणि गाइडला विचारतात हैदराबाद कुठे आहे. तो इंडियात म्हणून सांगतो आणि पुढे जातो." मी विचारलं, मानमोडीबद्दल, शेतसाऱ्याबद्दल तिथे काही लिहिलंय का? "नाही हो, ते कसं असेल." खरंय. ते आपणच लिहायचं.

म्हणून मीच तिच्याकडून एक छोटी चिठ्ठी लिहून घेतली, विमानाच्या फोटोमागे चिकटवायला. वर एफ १०१०, तारीख ५ ऑक्टोबर १९१८. खाली पणजीचं आणि त्या लहान मुलीचं नाव, फसली १३२८. वंशावळीच्या वहीत ठेवली. अण्णा आणि काका दोघांनाही चाललं असतं, असं वाटतं. काकांनी आधी वाद घातला असता, ते वेगळं.

जाता जाता दोन गोष्टी. लंडनला कुणाची मुलं-सुना असतील तर कॉलिंडेल स्टेशनला उतरून चालत जाता येतं, म्युझियमला तिकीट नाही. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी १९१४ ते १८ मधली निजामी सरकारची पत्रकं, वॉर लोनच्या पावत्या, सारामाफीचे अर्ज, उर्दूतले असोत की मोडीतले, पडलेले असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका. इथे फोटो टाका. मोडी मी वाचतो, उर्दू वाचणारे आपल्यात अजून तीन-चार जण आहेत.